शंखपुष्पी आणि फेनिटोइन

फिट, मिरगी किंवा फेफरे म्हणजे अपस्मार. त्यावरच्या गोळ्यांपैकी फेनिटोइन ही जुनी, स्वस्त आणि आजही चालणारी गोळी. तिच्या जोडीला वनस्पतिज औषध घेतले, तर रक्तातले तिचे प्रमाण बदलू शकते. शंखपुष्पी या आयुर्वेदिक वनस्पतीचे उदाहरण मुंबईतलेच आहे.

केईएम रुग्णालयात फेनिटोइन घेणाऱ्या दोन रुग्णांची गोळीची रक्तपातळी उतरली आणि झटके पुन्हा सुरू झाले. दोघेही शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध घेत होते. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर पडताळा घेऊन 1992 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका मात्रेने रक्तपातळी हलली नाही. अनेक मात्रांनंतर मात्र पातळीही घटली आणि गोळीचा गुणही. विशेष म्हणजे त्या औषधात स्वतःचाही झटकेरोधक गुण दिसला. दोन गुणकारी औषधे एकत्र आली की गुण वाढतोच, हा समज इथे पार खोटा ठरतो.

फेनिटोइनची उपयुक्त रक्तपातळी दर मिलिलिटरला साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम. खाली झटक्यांची भीती. वर गेली की डोळे थरथरतात, चालताना झोक जातो. यकृताची ही गोळी पचवायची ताकद लवकर संपते, त्यामुळे डोस जरासा वाढवला तरी पातळी एकदम चढते. शंखपुष्पीच्या बाटलीची कल्पना नसताना डॉक्टरांनी डोस वाढवला आणि पुढे बाटली संपली, तर तोच डोस अंगावर येऊ शकतो.

उलट दिशेचे उदाहरण मिऱ्याचे. मिरी-पिंपळीतल्या पायपरिनमुळे फेनिटोइन जास्त शोषले जाते, असे चंडीगडच्या पीजीआयमधील रुग्णांवरील अभ्यासात 2006 साली दिसले. त्रिकटू चूर्णात ही दोन्ही असतात. काही ‘निव्वळ जडीबुटी’च्या पुड्यांत तर तपासणीअंती फिनोबार्बिटोन हे झटक्यांवरचेच ॲलोपॅथी औषध सापडले आहे; अशी पुडी अचानक थांबवणेही धोक्याचे.

दुसरबीडसारख्या गावात फिटच्या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागते, शंखपुष्पीचे सिरप मात्र कुणीही मागून आणतो. फिटची गोळी चालू असलेल्या दहावीच्या पोराचे ‘डोकं चालावं’ म्हणून आई रोज दोन चमचे देते. ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला ती मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हेच. प्रश्न ‘सिरप, चूर्ण, काढा, पुडी?’ असा नावानिशी विचारला पाहिजे. तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटासोबत बाटलीही पिशवीत टाकावी. लेबलवरची घटकांची यादी डॉक्टरांना लागते.