उपचारांचा ताळा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणिताचे शिक्षक होते. उत्तर आले तरी ताळा पाहिल्यावाचून ते मान्य करू नये, असा त्यांचा दंडक होता. वैद्यकीय सेवेने स्वतःच्या कामाचा ताळा पाहण्यास कसा आरंभ केला, हा विषय मी त्याच कारणाने निवडला आहे.

या इतिहासात डॉ. अर्नेस्ट कॉडमन (1869–1940) यांचे स्थान मला फार मोठे वाटते. 1894च्या सुमारास ते आणि हार्वे कुशिंग हे अमेरिकेतील बॉस्टन येथे वैद्यकाचे विद्यार्थी होते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला ईथर देऊन बेशुद्ध करण्याचे काम त्या काळी विद्यार्थ्यांकडेच असे, आणि त्यात रुग्ण दगावतही. ईथर अधिक चांगले कोण देतो, यावर या दोघांनी मेजवानीची पैज लावली. पैजेचा निकाल लागण्यासाठी पुरावा हवा, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना नाडीची नोंद कागदावर होऊ लागली. भूल देताना ठेवल्या जाणाऱ्या आजच्या तक्त्याचा उगम या नोंदींत आहे.

पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात शल्यचिकित्सक झाल्यावर कॉडमन यांना दुसरा प्रश्न पडला. रुग्ण घरी गेला, पण पुढे त्याचे काय झाले? शस्त्रक्रिया किती झाल्या आणि घरी किती गेले, हे रुग्णालयांना ठाऊक असे. एका वर्षानंतर त्यांतले किती जण खरोखर बरे होते, हे ठाऊक नसे. कॉडमन यांनी प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड केले. त्यावर लक्षणे, निदान, उपचार व गुंतागुंत लिहायची, आणि पुढे दरवर्षी रुग्णाची चौकशी करून परिणाम नोंदवायचा. परिणाम अपेक्षेप्रमाणे नसेल, तर का नाही, याचे उत्तरही लिहायचे.

1911 साली त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. 1916 पर्यंत तेथून 337 रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत 123 चुका झाल्याचे कॉडमन यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. या चुकांची वर्गवारी मला विशेष महत्त्वाची वाटते. ज्ञान वा कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, काळजी वा साधने अपुरी होती, निदान चुकले, असे वेगवेगळे रकाने त्यांनी केले. रोगच असाध्य होता किंवा रुग्णाने उपचार नाकारले, यांसाठी निराळे रकाने होते. प्रत्येक मृत्यू दैवाच्या माथी मारला तर शिकण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक मृत्यूला दोष मानले तर कोणी नोंदच करणार नाही. रकाने वेगळे केल्यामुळेच सुधारणा कोठे करायची, ते कळू शकले.

या सचोटीचे स्वागत झाले नाही. केवळ ज्येष्ठतेनुसार बढती देण्याच्या पद्धतीचा निषेध म्हणून 1914 साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरलचा राजीनामा दिला. जानेवारी 1915 मधील एका सभेत त्यांनी धनिक रुग्णांना वाळूत डोके खुपसलेल्या, सोन्याची अंडी देणाऱ्या शहामृगाच्या रूपात दाखवणारे व्यंगचित्र मांडले. त्यानंतर सहकारी दुरावले. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने 692 मोठ्या रुग्णालयांची तपासणी केली, तेव्हा किमान निकषांना फक्त 89 उतरली. 1919 साली आकडे जाहीर झाले, परंतु रुग्णालयांच्या नावांची यादी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील भट्टीत जाळण्यात आली.

कॉडमन यांच्या पद्धतीलाही मर्यादा होती. काही रुग्ण उपचारांवाचूनही बरे होतात. ज्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण अधिक येतात, तेथील आकडे वाईटच दिसणार. म्हणून नोंदीला तुलनेची जोड हवी. तिचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बालकांची घरीच शुश्रूषा सुरू केली. 47 गावे तुलनेसाठी ठेवली. उपचार सुरू करण्यापूर्वी, 1993 ते 1995 या काळात, दोन्हीकडील जन्म-मृत्यू मोजले. नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या गटात 62, तर दुसऱ्यात 58 होता. मग थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी पहिल्या गटाचा दर 25.5 वर आला. दुसऱ्या गटाचा 59.6 होता. दुसरा गट नसता, तर ही घट काळमानाने झाली असे कोणीही म्हणू शकले असते. 1999 साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2011 साली भारत सरकारने ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत स्वीकारली.

तरीही 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले, की महाराष्ट्रात प्रत्यक्ष होणाऱ्या बालमृत्यूंपैकी फारच थोडे सरकारी दफ्तरात नोंदले जात होते. न्यूयॉर्कमध्ये यादी जाळली गेली. येथे कित्येक मुलांचे मृत्यू यादीपर्यंत पोहोचलेच नाहीत. ज्या मृत्यूची नोंद नाही, त्याचे कारण कोणी शोधत नाही, आणि त्याच कारणाने पुढचे मूल दगावते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्यापैकी अनेक जण रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, देणगीदार आहेत. नव्या इमारतीला वा यंत्राला देणगी देताना एक प्रश्न अवश्य विचारावा: गेल्या वर्षी येथून घरी गेलेले रुग्ण आज कसे आहेत? उत्तर देता येत नसेल, तर देणगीतील काही भाग ते उत्तर मिळवण्यासाठी राखून ठेवावा.