बॉल अजगरातील वर्णप्रकार
संकटात अंगाचा चेंडू करणारा हा पश्चिम आफ्रिकेतील बिनविषारी सर्प घाना, टोगो व बेनीन येथून निर्यात होतो. अमेरिकेत १९९२ मध्ये वर्णकहीन पिल्ले जन्मल्यावर त्याच्या रंगीत वाणांच्या पैदाशीस वेग आला. वर्णकहीनतेचे जनुक अप्रभावी असल्याने साध्या दिसणाऱ्या दोन वाहकांची सरासरी एक चतुर्थांश संतती तशी निघते. पाचसहा अंड्यांत मात्र हे प्रमाण जुळेलच असे नाही. १९९९ च्या सुमारास पैदाशीत आलेल्या ‘स्पायडर’ वाणाचे जनुक प्रभावी असून एका जनकाकडून आले तरी पुरते. भाकीत सोपे, पण रंगाबरोबर डोके डुलण्याचा व तोल जाण्याचा दोषही हमखास उतरतो. त्यामागे अंतर्कर्णाची विकृत रचना असल्याचे २०२२ मध्ये क्ष-किरण छेदचित्रणात आढळले. निवडक संकराने रंग व दोष वेगळे करणे पैदासकारांना साधलेले नाही.