पंख्यात अडकलेला दोर

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती बोटीच्या तळाशी, तेलाच्या वासात आणि अंधारात असते. यंत्राची शक्ती पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा जो लोखंडी दांडा, त्याला आमचे गोदीतले लोक शाफ्ट म्हणतात. यंत्राकडचा दांडा आणि पंख्याकडचा दांडा जेथे दोन चकत्या समोरासमोर आणून बोल्टांनी जखडतात, तो सांधा म्हणजे कपलिंग. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि धक्क्यावर अधिक झाले. तेव्हा विषयही तिथलाच निवडला, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

पहिल्या आगबोटी चाकांवर चालत. चाके दोन्ही बाजूंना, दांडा पाण्याच्या वर. 1836 साली इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ या गृहस्थाने मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. हा मनुष्य पेशाने शेतकरी होता, हे आम्हांस विशेष वाटते. 1837 मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यात प्रयोग चालू असता त्याच्या लाकडी मळसूत्राचा निम्मा भाग मोडून पडला आणि नाव थांबण्याऐवजी अधिकच वेगाने पळू लागली! अपघाताने शिकवलेला धडा त्याने घेतला. पुढे 1845 साली इंग्रजी आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ अशा दोन बोटी पाठीस पाठ लावून दोराने बांधल्या. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले, आणि वाद बव्हंशी मिटला.

परंतु प्रत्येक सुधारणा आपल्याबरोबर आपली दुखणी घेऊन येते. पंख्याचा दांडा पाण्याखालून, बोटीच्या पाठीमागच्या भागाला भोक पाडून न्यावा लागतो. तेथे पाणी शिरू नये आणि दांडा मात्र मोकळा फिरावा, अशा दोन परस्परविरोधी गोष्टी साधाव्या लागतात. पितळी बेअरिंगे भराभर झिजत. 1850 च्या दशकात जॉन पेन याने तेथे लिग्नम व्हिटी नावाच्या, पाण्यात बुडण्याइतक्या जड लाकडाच्या पट्ट्या बसवल्या, तेव्हा कोठे ते दुखणे आवरले.

दुसरे दुखणे दोराचे. पंखा पाण्याखाली असल्यामुळे त्यात काय गुंतते ते वरून दिसत नाही. युद्धशास्त्राने याचा तत्काळ उपयोग करून घेतला. 7 एप्रिल 1863 रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धात चिलखती नौका चार्ल्स्टन बंदरावर चालून गेल्या. दक्षिणेच्या लोकांनी त्यांच्या वाटेत दोरांचे अडथळे पसरून ठेवले होते. ते पाहून आघाडीची नौका थबकली, आणि तोफांच्या माऱ्यात तो हल्ला फसला. ज्यांना गोळ्यांचे भय नव्हते, त्यांना काथ्याचे भय वाटले!

शाफ्ट निकामी झाला म्हणजे काय होते, हे 23 डिसेंबर 1892 रोजी ‘अंब्रिया’ या बोटीवरील उतारूंनी अनुभवले. लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या या प्रचंड बोटीला पंखा एकच, आणि त्याचाच शाफ्ट भर अटलांटिकात तडकला. दुसऱ्या एका बोटीने तिला ओढण्यास घेतले, तो वादळात दोर तुटला. अखेर टॉमलिन्सन नावाच्या मुख्य इंजिनिअरने आणि त्याच्या माणसांनी हेलकावणाऱ्या बोटीच्या पोटातच तो शाफ्ट सांधला आणि 31 डिसेंबरला बोट आपल्या बळावर न्यूयॉर्कला लागली. इतिहासात टॉमलिन्सनचे नाव राहिले. ‘त्याची माणसे’ कोण होती?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका लहानशा प्रकरणावरून. मुंबईच्या एका धक्क्यावर एका लाँचच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा गुंतला. पंखा एकाएकी जखडला, यंत्र मात्र जोर लावीतच राहिले. तो सगळा हिसका कपलिंगवर आला आणि बोल्ट कापले गेले. खलाशाने बुडी मारून सुरीने जाळे कापले. मालक म्हणाला, नवे बोल्ट टाका आणि निघा. बाजारातले साधे बोल्ट टाकले. ते काही दिवसांत तुटले. पुन्हा टाकले, पुन्हा तुटले.

तिसऱ्या वेळी एका वृद्ध फिटरला बोलावले. त्याने प्रथम कपलिंग सोडले आणि दांडा हाताने फिरवून वाकला आहे काय ते पाहिले. चावी आणि तिची खाच तपासली. नंतर दोन्ही चकत्या जवळ आणून फीलर गेजची पाती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घालून फट मोजली. चार इंची चकतीला चार हजारांश इंचापेक्षा अधिक फरक नसावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. फरक त्याच्या कितीतरी पट निघाला, कारण हिसक्याने यंत्र आपल्या बैठकीवरून सरकले होते. त्याने यंत्र पुन्हा ओळीत आणले, आणि तेही बोट पाण्यावर असताना. कारण काठावर ओढलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो आणि तेथले माप पाण्यात खोटे ठरते. भोके रीमरने साफ करून त्यांत घट्ट बसणारे बोल्ट घातले. या सर्वाला दोन दिवस लागले. मालकाने मजुरी मात्र अर्ध्या दिवसाची दिली. म्हणाला, “चार बोल्टांचे काम!”

आम्ही भांडलो. मालकापुढे फिटरच्या वतीने हिशेब मांडला तो एवढाच, की दोन वेळा तुटलेल्या बोल्टांची किंमत आणि बंद राहिलेल्या लाँचचे बुडालेले भाडे यांची बेरीज करा, आणि ती फिटरच्या दोन दिवसांच्या मजुरीशेजारी ठेवा. मजुरी पुरी मिळाली. फिटर मात्र आम्हांस म्हणाला, “साहेब, पैसे मिळाले ते ठीक, पण मापाला वेळ लागतो, हे त्यांना पटलं का?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पंख्याच्या या इतिहासात स्मिथ आहे, पेन आहे, टॉमलिन्सन आहे. त्यांचा मान त्यांना आहेच. पण दोन चकत्यांमधली फट मोजीत तळाशी ओणवा बसलेला मनुष्य त्यात कोठेच नाही. बोट चालू लागली की त्याचे काम दिसेनासे होते, आणि न दिसणाऱ्या कामाची मजुरी कापणे सोपे जाते. पुढच्या खेपेस आपण लाँचमध्ये बसाल आणि खालून तो धडधडाट एका लयीत येऊ लागेल, तेव्हा कोणीतरी तेथे पाती घालून चारही बाजू मोजल्या आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.