न मोजता लक्षात ठेवणारे यंत्र

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग 1891 साली सुरू झाला. मालकी कोल्हापूर संस्थानची आणि गाड्या चालवायला सदर्न मराठा रेल्वे. मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गाला कायमचा एक धाक असतो, तो म्हणजे समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचा.

हा धाक खोटा नव्हे. 1874 साली इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ तारेच्या निरोपातल्या घोटाळ्यामुळे दोन गाड्या अशाच धडकल्या आणि पंचवीस माणसे दगावली. त्यानंतर 1878 मध्ये एडवर्ड टायर याने चकतीचे यंत्र काढले. दोन स्टेशनांत दोन यंत्रे, विजेच्या तारेने जोडलेली. एक चकती बाहेर आली की ती दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरी निघतच नाही. चकती हाती नसेल तर चालकाने गाडी हलवायची नाही. आपल्याकडे चकतीऐवजी धातूचा गोळा आला. कड्याला अडकवलेल्या पिशवीतून तो चालकाच्या हाती जाई.

मला या यंत्राचे अप्रूप वाटते ते त्याच्या स्मरणशक्तीमुळे. स्टेशनातल्या अशा यंत्राला तीनच गोष्टी ठाऊक असतात : मार्ग बंद आहे, गाडी येत आहे, गाडी जात आहे. सकाळपासून किती गाड्या गेल्या, हे त्याच्या गावीही नसते. सुरक्षिततेसाठी तेवढ्याने भागते.

गणितज्ञ अशा यंत्रांकडे बऱ्याच उशिरा वळले. 1943 मध्ये मॅककुलॉक आणि पिट्स यांनी मेंदूच्या पेशींचे गणिती चित्र मांडले, क्लीनीने त्याला पुढे नेमके रूप दिले आणि 1959 मध्ये राबिन आणि स्कॉट यांचा मर्यादित अवस्थांच्या यंत्रांवरचा प्रसिद्ध निबंध आला. या दोघांना 1976 चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

या यंत्रांची मर्यादा समजायला मोठे गणित लागत नाही. यंत्राला शंभर अवस्था आहेत आणि समोरून एकेक डबा जातो आहे, असे समजा. सुरुवातीची अवस्था धरून शंभर डबे गेले की एकशे एक नोंदी होतात. अवस्था शंभरच, म्हणजे कुठली तरी एक पुन्हा आलीच. त्या दोन वेळांमधला फरक यंत्र कायमचा विसरते. डबे सम की विषम, हे ते दोनच अवस्थांत सांगेल. पण कितीही लांब गाडी असो, गेले तेवढेच डबे आले का, हे त्याला खात्रीने सांगता येणार नाही.

आणि रेल्वेला नेमके हेच हवे असते! वाटेत जोड तुटून चार डबे मागे राहिले आणि मार्ग मोकळा समजून मागून दुसरी गाडी सोडली तर? यावर जुन्या रेल्वेवाल्यांनी डबे मोजण्याचा खटाटोप केला नाही. शेवटच्या डब्याला खूण लावली, दिवसा फलक आणि रात्री लाल दिवा. खूण दिसली की गाडी पूर्ण आली. मोजणीचा प्रश्न ‘हो की नाही’वर आला.

पुढे आसगणक आले. ते खंडात शिरणारे आणि बाहेर पडणारे आस खरोखरच मोजतात. त्यांची मोजणीही एका आकड्यापाशी थांबतेच, पण गाडीच्या लांबीलाही सीमा असल्याने काम अडत नाही. अडते ते फक्त जिथे सीमाच नाही तिथे.

पुढच्या वेळी स्टेशनात असाल तर गाडी सुटताना इंजिनाकडे नको, शेवटच्या डब्याकडे पाहा. पिवळ्या फलकावर ‘एल. व्ही.’ ही दोन अक्षरे दिसतील. जिथे आसगणक नाहीत तिथे ती पुढच्या स्टेशनात दिसली तरच मागचा मार्ग मोकळा होतो.