दोरीवरच्या विमानाचें इंधन

नव्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. या विमानतळाच्या योजनेंत खनिज तेलाऐवजीं वनस्पतिजन्य व तत्सम द्रव्यांपासून केलेल्या विमान-इंधनासाठीं स्वतंत्र सांठवणीची तरतूद आहे. हें ऐकून कोणाच्याही मनांत सहज येईल कीं, जेट विमानाला रॉकेलच्या जातीचेंच तेल कां लागतें? उसाच्या मळींतून निघणारा मद्यार्क सरळ त्याच्या टांकींत कां ओतूं नये? या प्रश्नाचें उत्तर सर्वांत लहान जेट विमानाजवळ लवकर सांपडतें. कारण तेथें इंधनाच्या निवडींतील चूक डोळ्यांदेखत दिसते.

जेट म्हणजे मागें वायूचा झोत सोडून पुढें रेटा मिळविणारें यंत्र. त्याचा अगदीं साधा प्रकार म्हणजे पल्सजेट. ही एक पोकळ नळी असते व तिच्या तोंडाशीं पोलादाच्या पातळ पाकळ्यांची झडप असते. झडप उघडली कीं हवा व इंधन आंत येतें, भडका होतो, झडप मिटते आणि जळका वायु शेपटाकडून बाहेर पडतो. लगेच नळींतील दाब उतरून झडप पुन्हां उघडते. जर्मनींत पॉल श्मिट यांच्या प्रयोगांतून व आर्गुस कारखान्याच्या कामांतून निघालेलें असें यंत्र 'व्ही-१' या उडत्या बाँबला लावण्यांत आलें आणि १३ जून १९४४ पासून त्याचा भयंकर घरघराट लंडनवर ऐकूं येऊं लागला. तें हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालत असे. युद्धकाळच्या टंचाईंत हाच त्याचा मोठा गुण ठरला.

युद्ध संपल्यावर हेंच तत्त्व खेळांत उतरलें. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील एरोमरीन कंपनीचें 'डायनाजेट' हें सुमारें एक पौंड वजनाचें व २१ इंच लांबीचें यंत्र हौशी लोकांच्या हातीं आलें. तें दोरीवरच्या विमानाला लावीत. असें विमान बारीक पोलादी तारांनीं उडविणाऱ्याच्या मुठीशीं बांधलेलें असतें. तो मध्यें उभा राहतो, विमान त्याच्याभोंवतीं वर्तुळांत फिरतें आणि तारा ओढून तो त्याला वर-खालीं नेतो. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंतील मुलें दोरीवरचीं विमानें उडवितात. मात्र त्यांना पंख्याचें लहान इंजिन असतें. एकदां पेटलेलें पल्सजेट बहुधा इंधन संपल्यावरच थांबतें. म्हणून टांकींत काय व किती भरावें याचा निर्णय विमान जमिनीवर असतांनाच करावा लागतो.

हा निर्णय कसा होई? एक किलो पेट्रोल जळून सुमारें ४४ मेगाज्यूल उष्णता देतें; रॉकेल ४३, इथेनॉल २७ आणि मेथॅनॉल अवघी २०. या आंकड्यांवरून मेथॅनॉल टाकाऊ वाटेल. परंतु नळींत प्रत्येक ठोक्याला मावणारी हवा ठरलेली असते. एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारें १५ किलो हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहा किलो पुरते. हिशोब केला तर एक किलो हवेमागें दोघांचीही उष्णता तीन मेगाज्यूलच्या आसपास येते. म्हणजे मेथॅनॉलनें रेटा घटत नाहीं. मात्र इंधन दुपटीहून अधिक लागतें व टांकी जड होते. उलट मेथॅनॉलची वाफ होतांना तें पेट्रोलच्या सुमारें तिप्पट उष्णता शोषून घेतें, त्यामुळें नाजूक झडप निवते व अधिक काळ टिकते. याच कारणास्तव वेगाच्या स्पर्धांत मेथॅनॉलचीं मिश्रणें पुढें आलीं. रॉकेल सांठविण्यास निर्धोक. परंतु थंड नळींत त्याची वाफ होत नाहीं, म्हणून यंत्र सुरू होणेंच कठीण.

मेथॅनॉलची दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं. तें जहाल विष आहे. २०१५ सालीं मुंबईच्या मालवणी भागांत मेथॅनॉलमिश्रित दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. इंधनाच्या निवडींत यंत्राइतकाच तें हाताळणाऱ्या माणसाचाही विचार करावा लागतो.

मोठ्या जेटांचा इतिहासही निवडीचाच आहे. जर्मनीच्या हान्स फोन ओहाइन यांनीं १९३७ सालीं आपलें पहिलें यंत्र हायड्रोजनवर चालवून पाहिलें. पण विमानांत नेण्यास तो वायु गैरसोयीचा, म्हणून ते द्रव इंधनाकडे वळले. त्यांच्या यंत्रावर २७ ऑगस्ट १९३९ रोजीं हाइंकेल १७८ हें जगांतील पहिलें टर्बोजेट विमान उडालें. पुढें प्रवासी विमानांत रॉकेलच्या जातीचें तेल रुळलें. त्याचा भडका सहज उडत नाहीं, आणि आजचें जेट-तेल उणें ४७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. वर्तुळांत चार-दोन मिनिटें फिरणाऱ्या विमानाला जड टांकी चालते. समुद्र ओलांडणाऱ्याला ती चालत नाहीं. शिवाय मद्यार्क पाणी ओढतो, आणि पनवेलच्या खाडीकांठची पावसाळी हवा तर ओलाव्यानें भरलेली! म्हणून मद्यार्क जसाचा तसा न वापरतां त्यांतील प्राणवायु काढून टाकून त्याचें रॉकेलसारखें तेल करणें हाच मार्ग उरला.

या मार्गावर महाराष्ट्राचें पाऊल जुनें आहे. मोटारीच्या पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याविषयींचा कायदा १९४८ सालींच झाला होता. २००१ सालीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प निघाले, त्यांत मिरज व मनमाड हीं दोन ठिकाणें होतीं. विमानांपुरतें पाहतां, २७ ऑगस्ट २०१८ रोजीं डेहराडूनहून दिल्लीला मोगली एरंडाच्या तेलापासून केलेलें इंधन अंशतः वापरून विमान गेलें. ओहाइन यांच्या यंत्राच्या उड्डाणाची ती नेमकी ७९ वी तिथि. नंतर १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीला जें प्रवासी विमान गेलें, त्याच्या टांकींत पुण्याच्या प्राज उद्योगसमूहानें मळीपासून सिद्ध केलेलें इंधन होतें. त्याचें प्रमाण शेंकडा एकपर्यंतच होतें. परंतु उसाच्या फडापासून आकाशापर्यंतची वाट त्या दिवशीं मोकळी झाली.

आतां परदेशीं जाणाऱ्या विमानांच्या तेलांत २०२७ सालीं शेंकडा १, २०२८ सालीं २ आणि २०३० सालीं ५ इतकें असें इंधन मिसळण्याचें सरकारनें योजिलें आहे. मात्र ऊस हें पाण्याचें हावरें पीक. डिसेंबर २०२३ मध्यें उसाच्या तुटीच्या भयानें सरकारला रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावा लागला होता. दोरीवरच्या विमानाचा धनी झडप, टांकी व स्वतःची सुरक्षितता पाहून इंधन निवडतो. नव्या मुंबईच्या टांक्या भरतांना या तिहींच्या जोडीला शेतकऱ्याच्या विहिरीचें पाणीही मोजावें लागेल. तें मोजून केलेली निवडच टिकेल.