पन्हाळा-विशाळगड मार्ग

महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून जाणारा ऐतिहासिक मार्ग. कोल्हापूरच्या वायव्येस सु. २० किमी. वरील पन्हाळगडापासून सह्याद्रीच्या धारेजवळील विशाळगडापर्यंत तो पन्हाळा व शाहूवाडी या तालुक्यांतून जातो. पन्हाळ्याच्या पश्चिमेस जांभ्या दगडाचे विस्तीर्ण मसाई पठार आहे. ते ओलांडल्यावर दाट झाडी, ओढे व विरळ वाड्या यांमधून वाट पांढरपाणी येथे येते. पुढे कासारी नदीच्या उगमप्रदेशातील अरुंद खिंड, गजापूर आणि शेवटी विशाळगड लागतो. पावसाळ्यात दाट धुके, निसरडे उतार व दुथडी वाहणारे ओढे यांमुळे हा प्रवास अत्यंत बिकट होतो.

कोकण किनारा व देश यांना जोडणाऱ्या आंबा, अणुस्कुरा इ. घाटवाटा या परिसरात असल्याने त्याला प्राचीन काळापासून महत्त्व आहे. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पॉसिडॉन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली असून तीवरून या भागाच्या सागरी व्यापाराशी असलेल्या संबंधांची कल्पना येते. जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळे येथे व मसाई पठाराच्या कड्यात पांडवदरा येथे खडकात कोरलेली लेणी आहेत. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, पन्हाळा हे सत्ताकेंद्र होते.

या मुलखाची दुर्गमता सैन्यांच्या हालचालींत निर्णायक ठरली. इ. स. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक उत्तुजार हा खेळण्यावर (विशाळगड) चालून गेला. शिर्के यांनी वाटाड्याचे काम पत्करून त्याच्या सैन्यास घनदाट रानात नेले व तेथे त्याचा संहार झाला. पुढे महमूद गावान याने दीर्घ मोहिमेनंतर खेळणा जिंकला.

अफजलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६५९ मध्ये पन्हाळा घेतला. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरने त्यास वेढा दिला. राजापूरच्या वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन या इंग्रजानेही त्यास साहाय्य केले. १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढ पौर्णिमेस, भर पावसात महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. नेबापूरच्या शिवा काशीदने महाराजांचे सोंग घेऊन शत्रूस चकविल्याची परंपरा आहे. सिद्दी मसूदच्या पाठलागास बाजीप्रभू देशपांडे व बांदलांच्या लोकांनी घोडखिंडीत रोखून धरले. तेथे बाजीप्रभू धारातीर्थी पडले व खिंडीस पावनखिंड हे नाव मिळाले. विशाळगडाच्या पायथ्याशी सूर्यराव सुर्वे व जसवंतराव दळवी यांचाही वेढा होता. तो मोडून महाराज दुसऱ्या दिवशी गडावर पोहोचले. सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा आदिलशाहीस द्यावा लागला. तो मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदने अवघ्या साठ माणसांनिशी परत जिंकला.

याच वाटेवर औरंगजेबाच्या सैन्याची वेगळी गत झाली. १७०१ मध्ये पन्हाळा घेतल्यावर त्याने विशाळगडास वेढा दिला. सहा महिन्यांनंतर, जून १७०२ मध्ये, परशुराम त्रिंबक यांनी द्रव्य स्वीकारून गड सोडला. ऐन पावसाळ्यात परत फिरलेल्या मोगल छावणीस पन्हाळा गाठण्यास अडतीस दिवस लागले. ओढ्यांचे पूर, चिखल व उपासमार यांनी माणसे, हत्ती, उंट व बैल मोठ्या संख्येने दगावले. मराठ्यांनी एका रात्रीत व दिवसात तोडलेले अंतर प्रचंड तोफखाना व बाजारबुणगे बरोबर असलेल्या सैन्यास सव्वा महिन्यातही सुखरूप कापता आले नाही. दोन्ही प्रसंगी ऋतू तोच होता. फरक होता तो सैन्याच्या सडेपणाचा व स्थानिक माणसांच्या साथीचा. १४५३ चा पराभव याच साथीच्या अभावी घडला होता.

१८४४ मधील गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी या भागातील किल्ल्यांची तटबंदी व दरवाजे पाडले. पन्हाळ्याच्या चार दरवाजाचाही त्या वेळी नाश झाला. विशाळगडकर प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे पुढे मलकापूर येथे आले. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या यादीत विशाळगड व पावनखिंड नाहीत. तथापि दरवर्षी आषाढात अनेक पदयात्री पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात आणि त्यांमुळे ही जुनी वाट अद्याप वहिवाटीत आहे.