लिंगोचं गाणं छापलं गेलं त्याची कुळकथा

गोंडांच्या लिंगोची कथा आज ग्रंथालयात वाचायला मिळते, तिची वाट नागपूर-वर्धा रोडवरच्या बुटीबोरी-टाकळघाट भागातून गेलेली आहे.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आला. मिशनसाठी पैसा दिला होता मद्रास फौजेतल्या विल्यम हिल या अधिकाऱ्याने. थोडी वर्षं आधी अमरकंटकाजवळ करंजियाला काही जर्मन मिशनरी गोंडांमध्ये वस्ती करायला गेले होते. रोगाने त्यांतले बहुतेक जण अल्पावधीतच दगावले. हिस्लॉपने नागपुरात 1846 साली शाळा काढली, आणि पावसाळा सरला की तो प्रचाराच्या दौऱ्यावर निघे. मुक्कामात दगड, जीवाश्म गोळा करी आणि गोंडी शब्द लिहून घेई. ज्यांना उपदेश करायचा त्यांची भाषा आधी कानांत भरून घ्यायची, ही त्याची रीत मला फार मोलाची वाटते. प्रचार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तेवढा धीर असतो.

गोंडांची वंशकथा गाण्याचा मान परधानांचा. यजमानाच्या घरी जाऊन किंगरी या तंतुवाद्याच्या सुरावर देवांची, कुळांची गाणी म्हणायची, हा त्यांचा पिढीजात हक्क. अशाच एका परधानाच्या तोंडून हिस्लॉपने लिंगोचं गाणं उतरवून घेतलं. त्यात महादेवाने गुहेत कोंडलेले गोंड आहेत, त्यांना सोडवणारा लिंगो आहे. त्यातला एक प्रसंग तर विसरता येत नाही. विस्तव आणायला गेलेला, गोंड भावांतला धाकटा एका म्हाताऱ्या राक्षसाच्या हाती लागता लागता वाचतो. मग लिंगो स्वतः निघतो. भोपळा घेतो, बांबू जोडतो, डोक्याचे केस उपटून तारा लावतो आणि पिंपळावर चढून वाजवू लागतो. राक्षस राग विसरून नाचायला लागतो, त्याची म्हातारीही त्याच्यासोबत ताल धरते. गाण्याची ताकद गाण्यानेच सांगायची, हे एखाद्या परधानालाच सुचावं!

4 सप्टेंबर 1863. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला हिस्लॉप आणि मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल गेले होते. हिस्लॉप शाळा तपासायला मागे राहिला. संध्याकाळी परतताना ओढ्याला पूर आला होता. बोरीच्या मुक्कामी घोडा तेवढा पोहोचला.

कागद मात्र राहिले. टेंपलने ते संपादित करून 1866 साली छापले. गोंडी ओळी रोमन लिपीत, जोडीला इंग्रजी अर्थ.

पुढे 1871 साली फोर्साइथ या इंग्रज अधिकाऱ्याने हीच कथा अमेरिकी कवी लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर इंग्रजीत बांधली. ती वाचायला गोड आहे, पण मूळ बोलण्याची चव तिच्यात उरली नाही. मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी 1940च्या दशकात आदिलाबादच्या परधानांकडून लिंगोच्या कथा ऐकल्या, आणि त्या या छापील गाण्यापेक्षा वेगळ्या निघाल्या. म्हणून हिस्लॉपच्या पानांना गोंडांचं प्रमाण पुराण मानणं मला पटत नाही. ते एका परधानाचं त्या दिवसाचं गाणं आहे. वर्धा-यवतमाळकडच्या परधानांचं गाणं ऐकायचं तर त्यांच्याच दारी बसून, किंगरी लागेपर्यंत थांबायला हवं.